मधल्या मशीनची पिल्लं

मिस्त्रीचा थर्मामीटरवर विश्वास नव्हता. तसा त्याचा फारसा कशावरच नव्हता. हवामानाच्या बातमीवर नाही, नव्या स्क्रूवर नाही, आणि 'मी ठीक आहे' म्हणणाऱ्या माणसावर तर मुळीच नाही. पण थर्मामीटरशी त्याचं खास वाकडं होतं. ज्या उस्तादाच्या हाताखाली तो तरुणपणी अंडी उबवायच्या मशीनचं काम शिकला, तो म्हातारा ट्रेमधलं अंडं उचलायचा, डोळा मिटायचा आणि अंडं पापणीवर टेकवायचा. पापणीची कातडी अंगात सगळ्यात पातळ, तिला अर्ध्या डिग्रीचा फरक कळतो, असं त्याचं म्हणणं. मिस्त्रीने ती सवय जी उचलली, ती अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत सोडली नव्हती.

पाणपक्ष्यांच्या संशोधन केंद्रात तो पंचवीस वर्षं मशीनं सांभाळत होता. केंद्र म्हणजे तळ्याकाठची एक लांबलचक बैठी इमारत. तळ्यात खांबांवर लाकडी खोकी ठोकलेली होती आणि त्यांत रानबदकं अंडी घालत. शिकणारी मुलंमुली येत, आपापले प्रबंध लिहून मोठ्या जागी निघून जात, आणि मिस्त्री आपला तिथल्या तिथे. सध्या जी मुलगी काम करत होती तिला सगळे 'पीएचडी' म्हणत, कारण तीन वर्षं ती कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर देत आली होती. लग्न कधी? पीएचडी झाली की. चष्मा बदलणार होतीस ना? पीएचडी झाली की. ती मिस्त्रीला काका म्हणायची आणि त्याच्या डब्यातलं निम्मं खायची.

तिच्या कामातला प्रश्न मात्र कुणालाही समजेल असा होता. बदकीण दिवसातून एकदोनदा अंड्यांवरून उठून चरायला जाते. कुणी पटकन परतते, कुणी रेंगाळते, आणि तेवढ्या वेळात अंडी गार पडतात. मग कमी उबेत वाढलेल्या पिल्लाचं पुढे काय होतं? हे बघायला तिने खोक्यांतून अंडी आणून तीन मशीनमध्ये ठेवली होती, एकेका मशीनमध्ये एकवीस. पस्तीस डिग्रीचं ते थंड, छत्तीसचं ते मधलं, सदतीसचं ते गरम. अंडी फुटली की एकेक पिल्लू काचेच्या बरणीत बसवायचं, बरणीतून हवा सोडायची आणि पिल्लू त्यातला किती ऑक्सिजन ओढून घेतं ते मोजायचं. बरणी मिस्त्रीनेच नळ्या जोडून तयार केली होती.

"म्हणजे भट्टी किती कोळसा खाते ते बघायचं," तो म्हणाला होता.

"अगदी तसंच. माझा अंदाज आहे की गारठ्यात वाढलेल्या पिल्लाला नुसतं गरम राहायलाच जास्त कोळसा लागतो. आणि जो कोळसा भट्टीत गेला तो वाढायला उरत नाही."

मिस्त्रीला हे पटलं. इतकं पटलं की सगळा घोटाळा तिथूनच झाला.

थंड आणि गरम ही दोन मशीनं नवीकोरी, कंपनीतून सीलबंद आलेली. मधलं जुनं. त्याचं सगळं वायरिंग मिस्त्रीने त्याच हंगामात स्वतःच्या हाताने बदललं होतं. आता कुणीही म्हणेल की आपल्या हातचं काम म्हटल्यावर माणूस निर्धास्त राहील. मिस्त्रीचं उलट होतं. नव्या मशीनचं काही बिघडलं तर कंपनी आहे. मधल्याचं बिघडलं तर आपण. तिन्ही दारांवर पीएचडीने कागद लावायला दिले होते: 'दार दिवसातून दोनदाच उघडावे, तेही अंडी फिरवण्यापुरते.' ते कागद चिकटवले मिस्त्रीनेच, अगदी सरळ रेषेत, आणि चिकटवणाऱ्याला थोडीच नियम लागू असतात. दिवसातून पाच वेळा तो मधल्या मशीनचं दार उघडायचा, ट्रे बाहेर ओढायचा आणि एकवीसच्या एकवीस अंडी एकेक करून पापणीला लावायचा. मग खिशातून छोटी वही काढून लिहायचा: '११:२०. मधलं. पापणीला बरं.' ट्रे आत गेला की दारावरचा लाल आकडा चार मिनिटांत छत्तीसवर यायचा, पण मिस्त्रीच्या जिवात जीव आलेला असायचा तो पापणीमुळे. हे त्याने कुणापासून लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

अंडी ठेवून दहा दिवस झाले आणि मिस्त्रीची लेक घरी आली. जावई जहाजावर कामाला, चार महिने समुद्रात. तो येईपर्यंत मी तुमच्याकडे राहते, असं तिने फोनवर सांगितलं, तेव्हा फोन ठेवून मिस्त्रीने आधी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. एकोणिसाव्या वर्षी शिकायला म्हणून लेक बाहेर पडली, ती नंतर पाहुणीसारखीच यायची, दोन दिवस, फार तर तीन दिवस. चार महिने सलग ती आपल्या छपराखाली असणार, हे त्याला खरंच वाटेना. शिवाय ती एकटी नव्हती. बरोबर दीड महिन्याची नात होती, तीन आठवडे आधीच जगात आलेली, म्हणून इवलीशी. नाव अजून ठरायचं होतं. तोवर सगळे तिला मुंगी म्हणत.

लेकीने मुंगीला त्याच्यासमोर धरलं, तर या माणसाने काय करावं? दुपट्यातून तिचं पाऊल बाहेर काढलं, डोळा मिटला आणि तळवा पापणीवर टेकवला.

"अजून हेच?" लेक म्हणाली. ती हसत होती.

"गार आहे," मिस्त्री म्हणाला. तो हसत नव्हता.

केंद्राच्या मागेच त्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, चालत तीन मिनिटांवर. त्यामुळे फेऱ्यांना एक छान लय आली. मधलं मशीन, मग घर. घर, मग मधलं मशीन. आतल्या खोलीत लेक आणि मुंगी झोपत. मिस्त्री दाराची कडी अलगद उचलायचा, चोरपावलांनी आत जायचा, दुपटं उलगडायचा, तळवा पापणीला लावायचा. त्याच वहीत, मशीनच्या ओळीखाली लिहायचा: 'मुंगी. तळवा गार.' गार म्हणून तो अर्ध्या तासाने पुन्हा जायचा. रात्रीही जायचा. मुंगी दचकून उठायची, रडायची, लेक उठून बसायची, आणि मिस्त्री दारात उभा राहून विचारायचा, "का रडतेय गं ती?"

तीन आठवडे लेकीने कळ काढली. एका सोमवारी सकाळी चहाचा कप पुढ्यात तसाच ठेवून ती बोलली.

"बाबा, मी आल्यापासून सलग दोन तास झोपलेले नाही."

"तिचे पाय गार पडतात गं, म्हणून..."

"तिचे पाय झोपेत गरम असतात. तुम्ही दुपटं काढता तेव्हा गार पडतात. मुंगी ठीक आहे. मीही ठीक आहे. किती वेळा सांगू?"

मिस्त्रीने चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती. झोप न झालेली माणसं काहीबाही बोलतात, त्याने मनाशी म्हटलं.

"रविवारी मी सासूबाईंकडे जाते," लेक म्हणाली. "चिडून नाही सांगत. मला इथे राहायचं होतं. पण नाही जमत, बाबा."

रागावली असती तर समजूत काढता आली असती. ती शांतपणे बोलली, आणि शांतपणे बोललेलं ती करते हे त्याला तिच्या एकोणिसाव्या वर्षापासून माहीत होतं. तेव्हाही ती अशीच बोलली होती. तो केंद्रावर गेला आणि सवयीने मधल्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. मशीन रिकामं होतं. पिल्लं आदल्या आठवड्यात बाहेर आली होती.

पिल्लांचं गणित काही जुळत नव्हतं. गरम मशीनची आधी फुटली, ते ठरल्याप्रमाणे. मधल्याची त्यांच्यामागून एका दिवसाने फुटायला हवी होती, ती थेट थंड मशीनच्या पिल्लांबरोबर फुटली. दिसायला सगळी सारखीच, पिवळ्या-तपकिरी लोकरीचे गुंडे, एकमेकांना ढकलत पाण्याच्या ताटलीत चढणारी. पण बरणीत बसवल्यावर पीएचडीचा चेहरा उतरत गेला. बुधवारी दुपारी ती आकड्यांचा कागद घेऊन मिस्त्रीच्या बाकड्यापाशी आली.

"काका, मधली पिल्लं थंडवाल्यांइतकाच ऑक्सिजन खातायत. गारव्यात ठेवली तर नुसती धापा टाकतात. छत्तीस डिग्रीला वाढलेली पिल्लं अशी असूच शकत नाहीत."

"मशीन ठीक आहे," मिस्त्री लगेच म्हणाला. "मी स्वतः बघत होतो. दिवसातून पाच वेळा उघडून..."

तो मध्येच थांबला. पीएचडीचं लक्ष कागदात होतं.

"मशीन जुनं आहे, त्याला तरी किती बोल लावणार," ती म्हणाली. "तुमचं नाव मी कुठे घेणार नाही, काळजी करू नका. पण केंद्राचे साहेब म्हणतात, कारण सापडलं नाही तर एकाच मशीनवर कसा संशय घ्यायचा. खोली एक, वीज एक. मग तिन्ही मशीनचे आकडे बाद. सगळा हंगाम गेला." तिने चष्मा काढला आणि ओढणीने उगाचच पुसत बसली. "पीएचडी झाली की मी पंधरा दिवस नुसती झोपणार होते."

त्या दिवशी डब्याकडे दोघांपैकी कुणी पाहिलं नाही.

गुरुवारी सकाळी केंद्र उघडायच्या आत मिस्त्री कामाला लागला. संशय आला की मशीन उघडून बघायचं, एवढंच त्याला येत होतं. या वेळी मशीन तो स्वतः होता. ज्यात पिल्लू धरलंच नव्हतं असं एक अंडं त्याने फडताळातून काढलं. सुईने भोक पाडलं, तारेएवढ्या थर्मामीटरचं टोक आत सरकवलं, भोक मेणाने बुजवलं. ते अंडं मधल्या मशीनच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि आतला आकडा छत्तीसवर येऊन स्थिरावेपर्यंत वाट पाहिली. मग दार उघडलं, ट्रे ओढला, आणि एकवीस अंडी पापणीला लावायला लागतो तेवढा वेळ तसाच उभा राहिला. घड्याळात बारा मिनिटं झाली. त्याला नेहमी तीनचारच वाटायची.

ट्रे आत ढकलून त्याने दार लावलं. दारावरचा लाल आकडा चार मिनिटांत छत्तीसवर आला. अंड्यातला आकडा तेहेतीसवर होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मिस्त्री स्टुलावर बसून त्या आकड्याकडे पाहत राहिला. अंडं पुन्हा छत्तीसला यायला बावन्न मिनिटं लागली.

पाच वेळा बारा मिनिटं, वर पाच वेळा बावन्न. हिशोब बोटांवर होण्यासारखा होता. रोज पाच तासांहून जास्त ती अंडी गारठ्यात होती, आणि गार पडतील या धास्तीने त्याने ती गार पाडली होती. एवढंच नव्हे, शेवटचं अंडं पापणीला लावेपर्यंत ते थंडगार झालेलं असणार, आणि त्याची इतकी हुशार पापणी रोज लिहीत होती, 'बरं'. पहाटेपासून तळ्यावर फिरून तीही गारच असायची, तिला काय कळणार. आयुष्यात पहिल्यांदा त्याने थर्मामीटरचं ऐकलं, आणि तेही स्वतःच्या विरोधात. गप्प राहिलो तर कुणाला कळणार नाही, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. तो संत नव्हता. पण चष्मा पुसणारी ती पोर त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

शुक्रवारी सकाळी पीएचडी पिल्लांचं वजन करत होती. मिस्त्रीने तिच्यासमोर ते मेण लावलेलं अंडं ठेवलं, वही ठेवली, आणि सगळं सांगितलं. आढेवेढे घेतले नाहीत. सांगून झाल्यावर तो हात मागे बांधून उभा राहिला.

पीएचडी उठून बाहेर गेली आणि तळ्याच्या काठाने शेवटच्या खोक्यापर्यंत चालत गेली. मिस्त्री खिडकीतून पाहत होता. तिने एक दगड उचलून पाण्यात भिरकावला, मग दुसरा, मग तिसरा. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"दारावर कागद होता, काका."

"मीच चिकटवला होता."

"मला तुमचा खूप राग आलाय."

"येणारच."

ती खुर्चीत बसली. "प्रत्येक वेळची नोंद आहे?"

"मिनिटासकट."

तिने वही उघडली आणि पानामागून पान वाचू लागली. हळूहळू तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मधलं मशीन नेमकं केव्हा आणि किती वेळ गारठलं हे सगळं तिच्या हातात होतं. मधली पिल्लं बाद होणार होती, त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा अंडी ठेवावी लागणार होती. पण बाकीची दोन मशीनं वाचली होती. तेवढ्यात ती एका ओळीवर अडखळली.

"ही मुंगी कोणत्या मशीनमध्ये आहे?"

मिस्त्रीला क्षणभर कळेना. मग तो ओशाळला. "ती माझी नात."

पीएचडीने पुढची पानं चाळली. 'मुंगी. तळवा गार.' 'मुंगी. तळवा गार.' दिवसा, रात्री, पहाटे. तिने वही मिटली. पेटीतलं एक पिल्लू उचलून तिने मिस्त्रीच्या ओंजळीत दिलं.

"हे मधलंच आहे. कसं लागतं हाताला?"

"गरम," तो म्हणाला. पिल्लाचं काळीज त्याच्या बोटांवर धडधडत होतं.

"गरमच आहे. पापणीला लावलंत तरी गरमच लागेल. फक्त गरम राहायला त्याला किती कोळसा लागतो ते वरून कळत नाही. त्यासाठी बरणी लागते." मग ती जरा घुटमळली. "काका, माझं बोलणं लहान तोंडी मोठा घास होईल. पण मुंगीचं दार थोडे दिवस उघडू नका."

"हे पिल्लू जगेल ना?"

"जगेल. खायला जरा जास्त घालू आपण."

मिस्त्री क्वार्टरकडे निघाला. तीन मिनिटांची वाट त्या दिवशी लांबली. घरात शिरला तर आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर लेकीची बॅग उघडी होती, आणि मुंगीची झबली घड्या करून तिच्यात रचलेली होती. आतून कसलाच आवाज नव्हता. ना रडण्याचा, ना चाहुलीचा.

त्याचा हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला.

हाच हात, अशाच कडीवर, वीस वर्षांपूर्वी थांबला होता. तेव्हाची ती सकाळ त्याने कुणाला सांगितली नव्हती. लेक आठ वर्षांची होती. तिच्या आईला दोन दिवस ताप होता, आणि आदल्या संध्याकाळी ती म्हणाली होती, मी ठीक आहे, सकाळी मला उठवू नका, झोपू दे. सकाळी तो दाराशी उभा राहिला. झोपलीये, झोपू दे, असं म्हणून त्याने कडीवरचा हात काढला, लेकीची वेणी कशीबशी घातली, तिला शाळेत सोडलं आणि कामावर गेला. दुपारी आला तेव्हा फार उशीर झाला होता. त्या दिवसापासून त्याने घरातलं एकही दार बंद राहू दिलं नव्हतं.

आणि आता पुन्हा दार बंद होतं, आणि ते उघडायचं नव्हतं. पाच मिनिटं गेली असतील, त्याला तासभर वाटला. शेवटी त्याने कडीवरचा हात काढला, दारासमोर जमिनीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाळा, मी दार उघडत नाहीये. फक्त आतून एकदा बोल."

"बोलतेय, बाबा," लेकीचा आवाज अगदी दाराजवळून आला. तीही पलीकडे जागीच होती. "मुंगी झोपलीये. काय झालं?"

मग मिस्त्रीने सांगितलं. आधी अंड्यांचं सांगितलं, कारण ते सोपं होतं. पापणी, बारा मिनिटं, बावन्न मिनिटं, पीएचडीचं एक वर्ष. तू म्हणत होतीस ते खरं होतं, म्हणाला, दुपटं काढल्यामुळेच पाय गार पडत होते. मग दाराच्या लाकडाकडे बघत त्या सकाळचं सांगितलं. मी दाराशी उभा होतो गं, म्हणाला. हात कडीवर होता. ती ठीक आहे म्हणाली, आणि मी विश्वास ठेवला.

मग कडी निघाली. लेक दारातच, त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती. मांडीवर मुंगी, दुपट्यात गुरफटलेली, तोंड उघडं टाकून झोपलेली.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतो?"

लेकीने डोळे पुसले. "मला वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट आहे, म्हणून तुम्ही सारखे तपासता. नववीत मला ताप आला होता, चांगला तीन दिवस. तुम्हाला सांगितलंच नाही. तुम्ही खोलीत यायच्या आधी मी पाय गार पाण्यात बुडवून यायची."

मिस्त्रीच्या पापणीने तेव्हाही लिहिलं असणार, 'बरं'. एवढी चिमुरडी आपल्याला सांभाळत होती, ठीक दिसायला तिला किती कोळसा जाळावा लागत होता, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"माफ कर," एवढंच तो म्हणाला.

ती सरकून त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. मुंगी या सगळ्यात एकदाही उठली नाही. बाहेर तळ्यावर बदकांचा गलका चालू होता.

"रविवारचं..." मिस्त्रीने सुरुवात केली.

"मुंगीची झबली तिथेच राहू देत, उद्या बघू," लेक म्हणाली. "पण एक ठरवायचं. दार मी उघडणार, तुम्ही नाही. तुम्हाला भीती वाटली की बाहेरून हाक मारायची. कितीही वेळा मारा. मी आतून ओ देईन."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा. हळू मारायची."

मिस्त्रीने मान हलवली. सवयीने त्याचा हात वहीसाठी खिशाकडे गेला, पण खिसा रिकामा होता. वही पीएचडीकडे राहिली होती. तो हात मग त्याने गुडघ्यावर ठेवला.

लेकीने ते पाहिलं. तिने दुपट्याची एक कड अगदी जराशी सैल केली, मुंगीचं पाऊल स्वतःच बाहेर काढलं आणि त्याच्या चेहऱ्यापाशी नेलं. "मिटा डोळा," ती म्हणाली.

त्याने डोळा मिटला. तो इवलासा तळवा पापणीवर टेकला, झोपेतला, मऊ.

"कसा आहे?"

"गरम आहे," मिस्त्री म्हणाला.

"आता बास." तिने पाऊल काढून घेतलं, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि थबकली. "लहानपणी माझाही तळवा रोज असाच ओला व्हायचा, बाबा. मला वाटायचं, तुम्ही तोंड धुऊन आलाय." आणि तिने तो तळवा आपल्या पदराने पुसून दुपट्यात नीट झाकून टाकला.